काकवी पुण्याला निघाली

“मग कुस्ती कुणाशी ठरली म्हणालास?”

हिंदुराव वस्तादांनी विचारलं आणि हातातलं खोरं कुस्तीच्या हौद्याच्या कठड्याला टेकवलं.

“कुस्ती न्हाई, वस्ताद. माल जायलाय पुण्याला. माझी बिअर.”

“तेच इचारतोय. कुणाशी?”

 येताना सयाजी चौगुलेने भांडणाची सगळी तयारी केली होती, पण या प्रश्नाची केली नव्हती.

दुपारची तालीम रिकामी होती. सकाळची पोरं घाम गाळून गेली होती, संध्याकाळची अजून यायची होती. वस्तादांनी हौद्यातली तांबडी माती उकरून मोकळी केली होती. ताक, हळद, लिंबू मुरलेल्या त्या मातीचा वास नाकात गेला आणि सयाजीने तो नकळत छातीभर ओढून घेतला. मग त्याला स्वतःचाच राग आला. वास घ्यायला नव्हता आला तो.

खरं तर ही पायरी चढायची त्याला बंदी होती. ज्या दिवशी त्याने शहराबाहेर शेड टाकून बिअरचा कारखाना काढला, त्याच दिवशी वस्तादांचा निरोप आला होता. दारू गाळणाऱ्याचे पाय तालमीला नकोत. तेव्हापासून तो रस्त्यावरूनच आतल्या मारुतीला हात जोडायचा आणि गाडी पुढे काढायचा.

आज मात्र पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, छाती काढून आत आला होता. हाकललं तरी बसून राहायचं, असं ठरवून आला होता.

आणि वस्तादांनी हाकललंच नाही. त्यामुळे त्याची फार पंचाईत झाली.

“बोल की,” वस्ताद म्हणाले. “पायरी चढलास, आता तोंड शिवलंस व्हय?”

“वस्ताद, मी चोरीमारी करत न्हाई,” सयाजी उसळला. “परवाना हाय. गुऱ्हाळ घरचं, बिअरीत पडती ती काकवी घरची. परदेशातली बाटली पुण्यात मिळती, बंगळूरची मिळती, मग आपली का नको? आज पहिल्यांदा कोल्हापूरची बिअर तिथल्या मोठ्या हॉटेलात लागणार. गाडी भरून हुभी हाय. सांजच्याला सुटंल. मला तुमचा आशीर्वाद पायजे, घेतल्याबिगार मी हलणार न्हाई.”

आता कोल्हापूरच्या माणसाने अख्खं जग पालथं घातलं तरी त्याचं समाधान होत नाही. पुण्याने एकदा मान हलवावी लागते. हे तो मरेपर्यंत कबूल करत नाही, ही गोष्ट वेगळी.

“ह्या हौद्यातली दोन पोरं नेली तुझ्या बाटलीनं,” वस्ताद म्हणाले.

“माझ्या न्हवं.”

“बाटली कुणाचीबी आसंल. पोरं माझी हुती.”

 त्या दोघांतल्या भैरूनेच सयाजीला ढाक हा डाव मारायला शिकवलं होतं. भैरूच्या मयतीला दोघंही होते, वस्ताद एका कडेला आणि सयाजी दुसऱ्या. तेव्हाही बोलणं झालं नव्हतं.

“तरीबी काढणार मी,” सयाजी म्हणाला. “तुम्ही न्हाई म्हणालासा तरी काढणार. आणि आशीर्वादबी घेणार.”

 वस्तादांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला.

“आणलाईस का बरोबर?”

“भाईर ठेवल्यात. चपलांपाशी. दोन.”

“उंबऱ्याच्या आत आणायची न्हाई. चल, मीच येतो.”

वस्ताद पाय ओढत पायरीपर्यंत आले. चपलांशेजारी दोन बाटल्या उन्हात उभ्या होत्या. पहिलीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत ‘काकवी’ लिहिलेलं होतं आणि खाली गुऱ्हाळातल्या रस उकळायच्या काहिलीचं चित्र होतं. दुसरीवर पांढरी शुभ्र चिठ्ठी, बारीक सोनेरी अक्षरं.

“उघड.”

“वस्ताद?...”

“पिणार न्हाई मी. उघड.”

सयाजीने पहिलीचं झाकण काढलं. वस्तादांनी ती नाकापाशी नेली मात्र, आणि मान अशी झटकली की शेंडीची गाठ सुटली.

“थू! काय वास म्हणायचा का काय! करपल्याला गूळ, आंबूस, कडवट... शेजारी गुऱ्हाळ पेटल्यागत. मानसं पित्यात हे?”

“रांगा लावत्यात,” सयाजी म्हणाला. त्याला हसू दाबता येईना. वस्तादांनी आजवर कोणाचीच एवढी सविस्तर दखल घेतली नव्हती.

“दुसरी.”

दुसरीचा वस्तादांनी वास घेतला. पुन्हा घेतला. बाटली उन्हात धरून आरपार पाहिली. मग कानाशी नेऊन हलवली.

“हे काय हाय?”

“तेच. पुण्यासाठी काढलंय. हॉटेलवाले म्हणाले, इतकं उग्र आमच्याकडं चालणार न्हाई. रंग फिका करा, वास मारा, काकवी कमी करा.”

“किती कमी केलीस?”

“...नावाला ठेवली.”

“नाव काय हिचं?”

“सिल्क.”

“साडी इकतोस व्हय रं?”

सयाजीचे कान तापले. “त्यात वाईट काय? एक माणूस नाक मुरडणार न्हाई. पुण्यात न्हाई, मुंबईत न्हाई. कुणी काय नाव ठेवंल हिला?”

वस्तादांनी दोन्ही बाटल्या होत्या तिथे ठेवल्या. सरळ रेषेत, शेजारी शेजारी.

“पयल्या बाटलीला मी आजवर शिव्या घातल्या,” ते म्हणाले. “आताबी घातल्या. जलमभर घालीन. पर हिला काय घालू?”

सयाजीला वाटलं, म्हातारा हरला. दारूच्या वैऱ्यालासुद्धा हिच्यात काही सापडलं नाही. त्याने तसं बोलूनही दाखवलं.

“म्हंजे पास झाली की!”

वस्ताद आत वळले आणि हौद्यात उतरून थेट मातीतच बसले. उजवा गुडघा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

“त्याल आण.”

तेलाची वाटी पूर्वी जिथे असायची तिथेच होती, मारुतीच्या कोनाड्याखाली. सयाजीने बाह्या सारल्या आणि वस्तादांच्या पायाशी बसून गुडघा चोळायला घेतला. हे काम त्याचे हात विसरले नव्हते. पोटरीपासून वर, गुडघ्याच्या वाटीभोवती गोल, मग मांडीला दाब. तेल त्याच्या मनगटांपर्यंत आलं.

किती वर्षांनी तो या पायांशी बसला होता. हाकललं नाही ते या तेलासाठीच असेल, असं त्याला वाटलं, आणि तेवढंही पुरेसं वाटलं.

“पुण्याची कुस्ती आठवती?” वस्तादांनी विचारलं.

“न आठवाया काय झालं?” सयाजी खुलला. “तुम्ही जिंकून ये म्हणाला हुतासा. जिंकलो न्हाई, बरोबरीत सुटली. पर पडलोबी न्हाई!”

हे वाक्य सयाजीचं ठेवणीतलं होतं. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, बँकेच्या साहेबापुढे, सगळीकडे त्याने ते वापरलं होतं. लग्न ठरवताना बायकोलाही आधी तेच ऐकावं लागलं होतं. मी पुण्यात जाऊन पडलो नाही.

“न्हाई पडलास,” वस्ताद म्हणाले. “माती पुसत हुतास.”

“...काय?”

“हात मिळवताना समोरच्या पोरानं, पकड बसावी म्हणून, रीतीपरमानं तुझ्या खांद्याला माती लावली. तू पुसलीस. त्यानं परत लावली. परत पुसलीस. पंच दुसरीकडं बघंल तसं पुसत हुतास. मी कडंला हुतो.”

सयाजीचे हात गुडघ्यावरच थांबले. त्याला वाटत होतं, हे कोणी पाहिलं नाही. इतकी वर्षं तो त्याच भरवशावर छाती काढून फिरला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दांडगा हुता तो,” तो हळूच म्हणाला. “अंगाला त्याल हुतं म्हणून त्याचा हात बसला न्हाई. म्हणून वाचलो, वस्ताद.”

“तुझा बसला?”

“न्हाई.”

“लोकं काय वरडत हुती?”

सयाजीला ते आठवत होतं. लोकांनी शिट्ट्यासुद्धा मारल्या नव्हत्या. शेंगा खात बसले होते.

खिशातला फोन वाजायला लागला. पुण्याच्या हॉटेलवाल्या राजवाड्यांचा असणार. सयाजीने तेलकट हात खिशात घातला, फोन अर्धा वर आला आणि निसटून मातीत पडला. तिथेच वाजत राहिला. थांबला.

“उठिव मला,” वस्ताद म्हणाले. “पोरं येतील.”

सयाजी उभा राहिला. त्याने उजवा हात पुढे केला. वस्तादांनी तो धरला, गुडघ्यावर भार दिला, अर्धे उठले...

हात सटकला.

म्हातारा धाडकन मागे गेला. भल्याभल्या पैलवानांना जी पाठ मातीला टेकवता आली नव्हती, ती पाठ सपशेल टेकली. तीही सयाजी चौगुलेच्या हातून.

“वस्ताद! चुकलं, वस्ताद... लागलं का?”

वस्ताद आढ्याकडे बघत पडून राहिले. त्यांच्या छातीतून एक आवाज आला. सयाजी घाबरून वाकला. मग त्याच्या ध्यानात आलं, की म्हातारा हसतोय.

“दे, हात दे,” ते पडल्या पडल्या म्हणाले.

सयाजीने घाईघाईने दोन्ही हात पुढे केले. वस्तादांनी ते धरले नाहीत. त्यांनी बाजूची मूठभर माती उचलली आणि सयाजीच्या तळव्यांवर चोळली. मग मनगटांवर. मग कोपरापर्यंत, सारलेल्या पांढऱ्या बाह्यांसकट.

सयाजीचा डावा हात आपोआप उजव्या बाहीवरची माती झटकायला गेला.

तो अर्ध्यावर थांबला.

वस्ताद बघत होते.

सयाजीने हात खाली घेतला. बाहीवरची माती तशीच राहिली.

“हां,” वस्ताद म्हणाले. “आता धरू दे.”

त्यांनी मनगट पकडलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची ती पकड, पण सयाजीच्या हाडापर्यंत पोचली. दुखलं. त्यानेही तितक्याच जोराने धरलं, आणि वस्ताद एका दमात उभे राहिले.

फोन पुन्हा वाजला. सयाजीने तो मातीतून उचलला, या वेळी तो हातातून निसटला नाही.

“चौगुले, गाडी निघाली का?” राजवाड्यांचा आवाज रिकाम्या तालमीत स्पष्ट ऐकू येत होता. “मी इथे जागा करून ठेवलीय.”

“नाही निघाली, साहेब. माल उतरवायला सांगतोय. सिल्क नाही येणार. काकवी येईल. तुम्ही पहिल्यांदा चाखली होती तीच, नावासकट.”

“अहो, आपलं काय ठरलं होतं? त्या वासाला लोक नाक मुरडतील!”

“मुरडू देत. त्यासाठी तरी नाकापर्यंत जाऊ दे.”

“चौगुले, इथे एकदा पडलात ना, तर पुन्हा माझं दार उघडणार नाही. आधीच सांगून ठेवतो.”

 त्या दारासाठी सयाजीने किती खेटे घातले होते ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने वस्तादांकडे पाहिलं. वस्तादांना त्यात काडीचा रस नव्हता, ते खोरं शोधत होते.

“काकवी पाठवतोय, साहेब,” सयाजी म्हणाला. “दारात ठेवून घ्या नाहीतर परत पाठवा. दुसरी काही येणार नाही.”

 पलीकडून फोन बंद झाला.

सयाजी तसाच उभा राहिला. शर्टाची पार वाट लागली होती. भीतीही वाटत होती आणि पुण्यापर्यंत ऐकू जाईल असा शड्डू ठोकावासाही वाटत होता.

वस्तादांनी खोरं उचललं. त्यांची सगळी पाठ तांबडी झाली होती. सयाजी ती झटकायला पुढे झाला, तसा त्यांनी खांदा बाजूला घेतला.

“ऱ्हाऊ दे.”

मग सयाजीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि तो तसाच वाकून थांबला. बाहेरगावी कुस्तीला निघालेल्या प्रत्येक पोराला वस्ताद जे दोन शब्द म्हणायचे, जिंकून ये, ते ऐकल्याशिवाय तो उठणार नव्हता.

वस्तादांनी मातीत पहिलं खोरं घातलं.

“जा,” ते म्हणाले. “पडून ये.”