इवलीची साखर आणि चपटा किडा

एक होतं कोकरू. त्याचं नाव ढवळू. ढवळूच्या पोटात होतं मऊमऊ यकृत. यकृतात राहायची एक पेशी. एवढीशी, दिसेल न दिसेल अशी. तिचं नाव इवली.

इवलीकडे साखरेचा डबा. ढवळू धावला की ती साखर द्यायची. मग ढवळू उड्या मारायचा, "बें बें!"

एकदा ढवळूने तळ्याकाठचं ओलं गवत खाल्लं. गवतातून आला चपटा किडा. सर्रर्र! थेट यकृतात. इवलीच्या पाठीला घासला. तिला ढकललं. धप्प! बसला की डब्यावर! साखर खाऊ लागला, मचमच मचमच.

ढवळू मटकन बसला. बें नाही की बूं नाही. 

इवली निघाली, लुटुलुटु लुटुलुटु. भेटले गिळगिळे काका, रक्तातली पहारेकरी पेशी. मोठ्ठं तोंड, मोठ्ठी ढेरी.

"काका काका, किडा गिळा ना!"

"का गं?"

"किडा हलेना, साखर मिळेना, ढवळू काही उठेना!"

"एवढा मोठा? घशात अडकेल गं! आधी फवारे मामीने फवारा मारू दे."

इवली निघाली, लुटुलुटु लुटुलुटु.

"मामी मामी, फवारा मारा ना!"

"का गं?"

"काका गिळेना, किडा हलेना, साखर मिळेना, ढवळू काही उठेना!"

"कुठे मारू? मला नीट दिसत नाही. आधी चिकटे आत्याने त्याला चिठ्ठी लावू दे."

इवली निघाली, लुटुलुटु लुटुलुटु. पाय दुखले. ढवळूचा श्वास हळू झाला. बाई गं, आता कसं होणार?

"आत्या आत्या, चिठ्ठी लावा ना!"

"का गं?"

"मामी फवारेना, काका गिळेना, किडा हलेना, साखर मिळेना, ढवळू काही उठेना!"

"हुकमे दादाचा हुकूम आण. मग लावते."

इवली धावली, लुटुलुटु लुटुलुटु.

"दादा दादा, हुकूम द्या ना!"

"का गं?"

"आत्या चिकटवेना, मामी फवारेना, काका गिळेना, किडा हलेना, साखर मिळेना, ढवळू काही उठेना!"

"आधी किड्याचा तुकडा दाखव. न बघता हुकूम दिला, आणि आपल्यातलंच कुणी मेलं तर?"

इवलीला रडू फुटलं. "तो मला खाईल!"

पण ढवळू? इवलीने डोळे पुसले. पाठ फिरवली. निघाली किड्याकडे.

"थांब, थांब! पाठीला काय चिकटलंय?"

किड्याचं सालपट! घासला तेव्हाच चिकटलेलं!

"वेडाबाई! गावभर पाठीवर घेऊन फिरलीस की!"

दादाने हुकूम दिला, ढुम ढुम! आत्याने चिठ्ठ्या लावल्या, चट चट! मामीने फवारा मारला, फुस्स! किडा झाला मऊमऊ. काकांनी गिळला, गट्टम!

इवलीने डबा उघडला. साखर उरली होती चिमूटभर. सगळी ढवळूला दिली. स्वतःला एक कणही नाही.

ढवळूचा कान हलला. शेपूट हललं. आणि...

"बें!"

ढवळू उठला. कोरडं कोरडं गवत पोटभर खाल्लं. इवलीचा डबा काठोकाठ भरला. तिने झाकण लावलं, टक्क! आपली गोष्टही मिटली, टक्क!