टोपड्याखालचं दार

एक होती टेकडी. टेकडीवर होती पायवाट. पायवाटेवर होतं एक बीळ. बिळाला एवढंसं दार. आत राहायची एक मुंगी आणि तिची पिल्लं. किती पिल्लं? पुष्कळ! सगळी गोरी, सगळी गुबगुबीत, सगळी हट्टी.

एके दिवशी मुंगी बाहेर निघाली. "दोन मिनिटांत आले हं!" म्हणाली. आया नेहमी असंच म्हणतात.

तेवढ्यात टेकडीवर माणसं आली. धप धप, धप धप! पुढे आई. आईच्या हातात काठी. मागे बाबा. बाबाच्या पाठीवर कॅरिअर. कॅरिअरमध्ये जुई. जुईच्या डोक्यावर लाल टोपडं. टोपड्याला पिवळा गोंडा.

जुईला आली पेंग. मान इकडे डुलली. मान तिकडे डुलली. टोपडं सुटलं. घसर घसर घसर... टप्प! पडलं ते नेमकं मुंगीच्या दारावर.

आईला दिसलं नाही. आई पुढे होती. बाबाला दिसलं नाही. बाबाला पाठीकडे डोळे आहेत का? जुईला कळलं नाही. जुई झोपली होती. धप धप, धप धप! माणसं गेली पुढे.

मुंगी परत आली. तुरुतुरु, तुरुतुरु! बघते तर काय? दारच नाही! मुंगीने टोपडं ढकललं. हलेना. मुंगीने टोपडं ओढलं. हलेना. मुंगी फार घाबरली. आत पिल्लं एकटी. आई कुठे गेली म्हणून रडत असतील.

मुंगी म्हणाली,
"टोपड्या, टोपड्या, ऊठ ना!
दार काही उघडेना.
पिल्लं माझी आत, मी बाहेर!"

टोपडं म्हणालं, "मी नाही उठणार. मला पाय कुठे आहेत? शेळीने उचललं तर उठेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु! शेळी खात होती पाला. किण किण वाजत होती गळ्यातली घंटा.

"शेळी, शेळी, टोपडं उचल ना!
टोपडं काही उठेना,
दार काही उघडेना.
पिल्लं माझी आत, मी बाहेर!"

शेळी म्हणाली, "बें बें! मी नाही उचलणार. काल मी न विचारता टॉवेल खाल्ला. केवढा ओरडा बसला! हौसामावशीने सांगितलं तर उचलेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु! शेळीची हौसामावशी येत होती चढावरून. डोक्यावर लाकडांचा भारा. दोन्ही हात भाऱ्याला. हा हू, हा हू!

"मावशी, मावशी, शेळीला सांग ना!
शेळी काही उचलेना,
टोपडं काही उठेना,
दार काही उघडेना.
पिल्लं माझी आत, मी बाहेर!"

हौसामावशी म्हणाली, "न्हाय गं बाय! डोईवर भारा हाय. हाक मारायला दम न्हाय. आन् भारा काय एकटीनं उतरत न्हाय. वाटंवरच्या माणसानं हात द्यायचा असतो. त्या काठीवाल्या ताईनं हात दिला, तर सांगीन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु! काठीवाली ताई म्हणजे कोण? जुईची आई! मुंगी काठीवर चढली. सर सर सर!

"आई, आई, हात दे ना!
मावशी काही सांगेना,
शेळी काही उचलेना,
टोपडं काही उठेना,
दार काही उघडेना.
पिल्लं माझी आत, मी बाहेर!"

आई म्हणाली, "हात देईन गं, पण थांबू कशी? बाबा थांबला तर मी थांबेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु! बाबाच्या बुटावर चढली. नाडीवर चढली. गुडघ्यावर चढली. पार खांद्यावर पोचली.

"बाबा, बाबा, थांब ना!
आई काही हात देईना,
मावशी काही सांगेना,
शेळी काही उचलेना,
टोपडं काही उठेना,
दार काही उघडेना.
पिल्लं माझी आत, मी बाहेर!"

बाबा म्हणाला, "शूऽऽऽ! हळू बोल! मी नाही थांबणार. थांबलो की जुई उठते. सकाळपासून चालतोय, तेव्हा आत्ता कुठे झोपलीये. जुई आपणहून उठली, तर थांबेन."

बाबाचे पाय दुखत होते. खांदे दुखत होते. पण बाबा थांबेना. धप धप, धप धप!

मुंगी गेली जुईपाशी. जुई झोपली होती. गाल बाबाच्या पाठीला. तोंड उघडं. घूंऽऽ... घूंऽऽ...

"जुई, जुई, ऊठ ना!
बाबा काही थांबेना,
आई काही हात देईना,
मावशी काही सांगेना,
शेळी काही उचलेना,
टोपडं काही उठेना,
दार काही उघडेना.
पिल्लं माझी आत, मी बाहेर!"

जुई म्हणाली, "घूंऽऽ... घूंऽऽ..."

आता कुणाला सांगायचं? आता कुणीच उरलं नाही. मुंगीला रडू आलं.

मग तिला दिसला जुईचा पाय. इवलासा, गुबगुबीत.

मुंगी चावली का? छे! मुंगीला पिल्लं आहेत. दुसऱ्याच्या पिल्लाला ती कशी चावेल?

मुंगी चढली अंगठ्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु! उतरली तळव्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु! गेली बोटांच्या मधून. तुरु... तुरु... तुरु...

जुईने पाय हलवला. जुईने नाक हलवलं. जुईने एक डोळा उघडला. आणि जुई हसली. खुदुक! खुदुक! खुदुक! हसता हसता तिने धरला बाबाचा कान. "बाबाऽऽ!"

जुई उठली. मग बाबा थांबला. "थांबलो एकदाचा! हुश्श!"

बाबा थांबला. मग आई थांबली. आईने मागे पाहिलं. "अहो मावशी, थांबा, मी हात देते!"

आईने हात दिला. मग भारा उतरला. धप्प! मावशीने मान इकडे वळवली. मान तिकडे वळवली. "बरं झालं गं बाय! हुश्श!"

आता मावशीला दम आला. मावशी ओरडली, "ए शेळे! उचल ते टोपडं! आन् खाऊ नगंस!"

शेळीने टोपडं उचललं. किण किण, किण किण! खाल्लं का? नाही, नाही. फक्त गोंडा खाल्ला.

टोपडं उठलं. मग दार उघडलं. स्वच्छ, मोकळं, एवढंसं दार!

आई म्हणाली, "अगंबाई! हे तर आपल्या जुईचं टोपडं!"

बाबा म्हणाला, "मला वाटलं, तुझं लक्ष आहे."

आई म्हणाली, "मला वाटलं, तुझं लक्ष आहे."

हौसामावशी खो खो हसली.

पण मुंगी काही ऐकायला थांबली नाही. जुईच्या पायावरून, बाबाच्या गुडघ्यावरून, बाबाच्या बुटावरून, खाली पायवाटेवर. तुरुतुरुतुरुतुरुतुरु! एवढ्या जोरात ती आजवर कधी पळाली नव्हती. शेळीच्या पायांमधून गेली. दारातून आत गेली.

"आई आली! आई आली!"

एक पिल्लू गळ्यात पडलं. एक पिल्लू पाठीवर चढलं. एक पिल्लू रुसून बसलं. "दोन मिनिटं म्हणाली होतीस!"

मुंगीने रुसलेल्या पिल्लाला जवळ घेतलं. मग सगळ्यांना जवळ घेतलं. किती पिल्लं? पुष्कळ! पण सगळी मावली.

मुंगी म्हणाली, "हुश्श!"

टेकडी उतरली, गोष्ट सरली.
मुंगीची पिल्लं मुंगीपाशी,
जुईबाळ बाबापाशी,
आणि माझं पिल्लू माझ्यापाशी.