रिकामी बैठक आधी का उतरते

आज सकाळी पायथ्याशी उभे राहून तुम्ही जे पाहिलंत, त्याने गोंधळून गेला असाल. दरवर्षी पाहुण्यांचं तेच होतं. चैत्री पौर्णिमेला कोंडमाथ्याची सोमजाई खाली उतरते म्हणून माणसं लांबून येतात, आणि त्यांना दिसतं काय, तर एक बाई पाठीला लाकडाची रिकामी बैठक बांधून पायऱ्या उतरते आहे. मग कोणीतरी विचारतंच, देवी वर विसरलात का? विसरलो नाही. बैठक पुन्हा वर येते आणि मग तिच्यावर बसून, माणसाच्या पाठीवरून, देवी जाते. आमच्याकडे पालखी नाही. देवळात देवीला चौरंगसुद्धा नाही, ती उघड्या कातळावर बसते.

वर येताना अरुंद वळणावर कातळात छातीएवढ्या उंचीला तीन खोल घासे दिसले ना, ज्यांत बोटं घालून तुम्ही फोटो काढलेत? ते घासे आणि ही बैठक एकाच गोष्टीतले. फोटो काढलेत त्याचा राग नाही, पण आता गोष्ट ऐकूनच जा. मी रावजी सुतार. गोष्ट आमच्याच घराची आहे आणि आमच्या घरात ती कोणी मिरवून सांगत नाही.

फार पूर्वी इथे वीस-पंचवीस घरं होती असं सांगतात. वैद्य खाली पायथ्याच्या गावात, अडलेल्या बाळंतिणीला हात देणारी जाणती म्हातारीही खाली. आजाऱ्याला न्यायचं तर डोलीतून. एक लांब दांडा, त्याला टांगलेली झोळी, पुढे एक गडी आणि मागे एक. बाकी सगळी वाट डोली नीट उतरायची. त्या वळणावर मात्र आत उभा कातळ, बाहेर दरी आणि वाट एका पावलाची. माणूस वळायचा, दांडा वळायचा नाही. मग पुढचं टोक दरीवर काढायचं आणि मागचं कातळाला घासत आणायचं. ते तीन घासे त्याचेच. तेवढा वेळ झोळी अधांतरी असायची. वाडीला त्याची सवय होती. डोली म्हणजे वळणावर असंच व्हायचं, असं सगळे धरून चालत.

डोल्या करणारा आमचा पूर्वज धाकू सुतार. त्याच्यासारखा हात पुन्हा झाला नाही म्हणतात. मी त्याचं काम पाहिलेलं नाही, त्याने स्वतःच ते जाळून टाकलं, म्हणून 'म्हणतात' एवढंच सांगतो. त्याच्या बापाने डोल्या केल्या, आज्यानेही केल्या. धाकूची बारा वर्षांची मुलगी हौसा तापाने फणफणली, तेव्हा आपल्या हातच्या डोलीत त्याने तिला निजवलं. पुढचा खांदा त्याचाच होता. वळणावर मागचं टोक कातळात रुतलं, हिसका बसला आणि झोळी उलटली. पोर दरीत गेली. तिची हाकसुद्धा ऐकू आली नाही, म्हणे.

तेरावा झाला आणि धाकू रंधा घेऊन बसला. झोळी उथळ होती, म्हणाला. त्याने खोल झोळीची डोली केली. तिच्यातून एक म्हातारा गेला, त्याच वळणावर. मग म्हणाला, दांडा जड होता. वेळूचा हलका दांडा घातला. तिच्यातून एक तरणा गडी गेला. मग गडी नीट पाऊल टाकत नाहीत म्हणाला, आणि खांद्यांना गाद्या लावल्या, दांड्याला कड्या बसवल्या. दर खेपेला डोली आधीपेक्षा देखणी व्हायची. वाडी कौतुकाने बघायची आणि आजारी पडायला घाबरायची.

लोक त्याला हट्टी म्हणत. मी पन्नास वर्षं लाकूड तासतो आहे, मला तो हट्ट वाटत नाही. ती भीती होती. डोलीत एक काहीतरी कमी पडलं असं म्हटलं, तर हौसाचं मरण नशिबावर ढकलता येतं. मुळात डोलीच त्या वाटेची नव्हे असं म्हटलं, तर ते मरण स्वतःच्या हातावर येतं. कोणत्या बापाला ते पेलेल? म्हणून तर सात वर्षांत त्याने सात डोल्या केल्या. मला त्याची कीव येते, आणि रागही येतो.

त्याची बायको राही त्याच्याशी भांडली नाही. ती बोललीच नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि निघून जायची. हौसा गेल्यापासून नवऱ्याशी ती एक शब्द बोलली नव्हती असं सांगतात.

सातव्या वर्षी त्यांची सून मैना बाळंतपणाला अडली. मुलगा कामाला घाटावर गेलेला. वाडीतल्या सुईणीने पोटाला हात लावला आणि सांगितलं, मूल आडवं आहे, माझ्याने होणार नाही. खालच्या म्हातारीला मूल फिरवता यायचं, पण तिचे गुडघे गेलेले, ती चढू शकत नव्हती. मैनालाच खाली न्यायला हवं होतं. सूर्य डोक्यावर यायच्या आत नेलं तर दोन्ही जीव वाचतील, सुईण म्हणाली.

सातवी डोली पडवीत तयार होती. धाकूने गड्यांना हाक मारली. तेव्हा राही उठली आणि उंबऱ्यात आडवी बसली.

"खाली कुनाला न्यायचंय?" तिने विचारलं. "मैनाला का डोलीला?"

सात वर्षांनी ती आपल्याशी बोलली म्हणून धाकू दचकला. म्हणाला, "हिचा दांडा आखूड केलाय मी. ह्या डोलीला—"

"डोलीचं नाव काढाल तर उंबरा वलांडू द्यायची नाय. तिचं नाव न घेता सांगा, काय व्हाया पायजे?"

धाकूने तोंड उघडलं की तोच शब्द ओठावर यायचा आणि तो गिळावा लागायचा. आत मैना कण्हत होती. गडी अंगणात खाली मान घालून उभे होते. सुईण ओरडली, वेळ जातोय. राही हलली नाही. ज्या बाईची एक पोर गेली ती दुसरीच्या जिवावर अशी अडून बसली, हे वाडीतल्या कित्येकांना अघोरी वाटलं असणार. मलाही लहानपणी ऐकताना वाटायचं.

"ती वळनातून जायाला पायजे," शेवटी धाकू म्हणाला.

"वळनातून काय जातं?"

"मानूस जातो."

"मंग?"

"मानसाच्या अंगाभाईर काय यायला नको." मग म्हणाला, "आन हात मोकळे पायजेत. कातळ धराया."

एवढं बोलला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, म्हणे. मग पडवीत वळला. तिथे सगळे दांडेच होते. सात वर्षांत त्याने दांड्यांवाचून दुसरं काही घरात आणलंच नव्हतं. तो तसाच देवळात गेला.

देवी तेव्हा सागवानी चौरंगावर बसायची. काही जण सांगतात की धाकू दारात येताच देवी आपण होऊन खाली उतरली. आमच्या घरात सांगतात की राही मागून आली, तिने देवीला उचलून कातळावर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, जरा खाली बस, पोर अडलीय." दोन्हीतलं तुम्हाला पटेल ते घ्या. धाकूने चौरंगाचे पाय कापले. त्याचीच एक फळी काढून एका कडेला उभी ठोकली, कापलेल्या पायांतले दोन खालून तिरके आधाराला लावले, आणि नव्या डोलीचे पट्टे सोडवून फळीला बांधले. फळी त्याच्या पाठीला, पट्टे खांद्यांवर, मागे पाट. मैनाला त्यावर पाठीला पाठ लावून बसवली आणि लुगड्याने कमरेशी बांधली. लहान मूल आपण पाठीवर घेतोच की. मोठं माणूस तसं न्यावं हे मात्र तोवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

वळणाशी धाकूने दोन्ही हातांनी कातळ धरला, अंग वळवलं आणि चार पावलं टाकली. वळण मागे पडलं. हिसका नाही, घासणं नाही. मैनाला म्हणे कळलंही नाही, ती विचारत होती, "मामंजी, वळन अजून किती लांब?"

खाली म्हातारीने मूल फिरवलं. मैना वाचली, मूलही वाचलं.

सगळे हसू लागले तेव्हा धाकू म्हातारीच्या अंगणात बसून होता. राही मागून उतरून आली. तो तिला म्हणाला, "राहे, एवढंच होतं गं. चारच पावलं." आणि सात वर्षांचं रडं त्याला फुटलं. तो दगडावर कपाळ आपटू लागला तेव्हा गड्यांनी धरला. डोली निकामी ठरली याचं ते दुःख नव्हतं. एका सकाळचं काम त्याला सात वर्षं सुचलं नव्हतं, हे त्याला लागलं. राहीने त्याला जवळ घेतलं नाही, बोलही लावला नाही. तिने रिकामी बैठक स्वतःच्या पाठीला बांधली आणि परत चढू लागली. लोकांनी विचारलं, कुठे चाललीस?

"हौसाला घिऊन येते," ती म्हणाली.

ती वळणाशी थांबली, दरीकडे पाठ करून. एखादी पोर चढून बसेल एवढा वेळ थांबली. मग कातळ धरून, जपून पावलं टाकत खाली आली.

धाकूने सगळ्या डोल्या त्याच आठवड्यात जाळल्या. देवीसाठी नवा चौरंग करायला घेतला, तर राही नको म्हणाली. सोमजाई कातळावरच राहिली. आमच्या घरात तेव्हापासून एक रीत पडली. सुताराकडे येऊन वस्तूचं नाव घ्यायचं नाही. खुर्ची करून दे म्हणालात तर मी ऐकू आलं नाही असं दाखवीन. गुडघा दुखतो, उठताना त्रास होतो, असं सांगा, मग बघू काय करायचं ते. गावातली पोरं मला यावरून चिडवतात. चिडवू देत.

आजही पौर्णिमेला आधी आमच्या घरातली बाई रिकामी बैठक घेऊन उतरते. तुम्ही पाहिलीत ती माझी सून. वळणावर ती दरीकडे पाठ करून थांबते, आणि तेवढा वेळ पायथ्याचे ताशे बंद असतात. खाली पोचल्यावर एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे होते आणि विचारते, "आलीस का?"

बाईने स्वतःपुरतं उत्तर द्यायचं नसतं. ती म्हणते, "दोघी आलो."