एकशे बारा क्रमांकाची मुलगी

मंगळवार, दुपारी सव्वाचार. मिरज. निवृत्त जनुकशास्त्रज्ञ डॉ. मालिनी घारपुरे यांच्या घरातली बाहेरची खोली.

"नाव काय मुलीचं?" बाईंनी विचारलं.

डॉ. उन्मेष टिळेकर हसला. बावीस वर्षांपूर्वी तो बाईंच्या हाताखाली शिकला होता. आता त्यांच्याच प्रयोगशाळेचा प्रमुख होता. नाव कसं असेल, बाई? नमुना आला की नाव खोडायचं आणि क्रमांक द्यायचा, हा नियम तुमचाच. बघणाऱ्याचं मन आधीच कलू नये म्हणून. ही एकशे बारा.

एवढं माहीत होतं की ती सतरा वर्षांची धावपटू आहे, कुठल्याशा पाड्यावरची. तिच्या आवाजावरून, ती मुलगी नसावी अशी तक्रार कोणीतरी केली होती. क्रीडा संघटनेला अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता, कारण उद्या संघ जाहीर व्हायचा होता. अहवालावर दोघांच्या सह्या लागतात. दुसरे सहकारी रजेवर होते. बाईंची सही अजून चालत होती.

"आता आपण दोन दिवसांत निकाल देतो, बाई. तुमच्या वेळी तीन आठवडे लागायचे."

"लागायचे," बाई म्हणाल्या.

कागदावर दोनच ओळी होत्या. गुणसूत्रं: एक्स-वाय. लिंग: पुरुष.

बाईंचं बोट दुसऱ्या ओळीवर येऊन थांबलं...

एकोणनव्वद सालापासून निवृत्त होईपर्यंत बाईंनी एकच प्रश्न धरून ठेवला होता. वाय गुणसूत्रावरचं एक जनुक मुलगा घडवायचा हुकूम सोडतं, हे खरं. पण पुढचा प्रत्येक हुकूम शरीरानं ऐकावा लागतो. काहींच्या शरीराला तो ऐकूच येत नाही. अशी व्यक्ती मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणून वाढते, आणि तिला कशाचा पत्ताही नसतो. हे उन्मेषला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याचा प्रबंधच त्यावर होता, आणि त्यासाठी त्याला सुवर्णपदक मिळालं होतं.

"प्रबंधात काय लिहिलं होतंस?"

"प्रबंध वेगळा, बाई. हा फॉर्म आहे. त्यात तसा रकाना आहे."

बाईंनी मान हलवली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तू कोण आहेस?"

"म्हणजे? पुरुष."

"तपासलंयस?"

त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. दोन मुलं आहेत बाई मला, म्हणाला. पण बावीस वर्षांत हजारो माणसांच्या पेशी त्याच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या, आणि त्यात त्याची एकही नव्हती.

बाई खुर्चीचा हात धरून उठल्या. कपाटातून त्यांनी लाकडाची एक चपटी काडी आणली. गालाच्या आतून पेशी खरवडायला वापरतात तसली.

"उघड तोंड. नाव खोडू, क्रमांक देऊ. निकाल आधी मला कळेल. मग तुझ्या ऑफिसला. मग तुला."

काडी त्याच्या ओठांपाशी होती.

काय निघणार होतं? काहीच नाही. त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते...

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"त्या मुलीनं तोंड उघडलं होतं," बाई म्हणाल्या. "कशाची तपासणी म्हणून सांगितलं होतं तिला?"

त्याला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेत कोणीच विचारलं नव्हतं.

उन्मेषनं पेन काढलं. दुसरी ओळ खोडली. तिच्यावर पुन्हा एकदा पेन फिरवलं. खालच्या आवाजात म्हणाला, एवढ्यावरून काहीच ठरत नाही असं मी खाली स्पष्ट लिहितो. आधी डॉक्टरनं मुलीशेजारी बसून तिला सगळं समजावून सांगावं, असंही लिहितो. कागद बंद पाकिटातून जाईल. बाहेर कोणाला कळणार नाही. आता तरी सही करा, बाई.

बाईंनी पेन घेतलं नाही.

"मीही एक अहवाल बंद पाकिटातूनच पाठवला होता," त्या म्हणाल्या. "भालाफेक करायची मुलगी. पाकिटाला लाख मी माझ्या हातानं लावली."

"मग?"

"चौथ्या दिवशी तिनं तो एसटी स्टँडवर वाचला. पेपरात, नावासकट. मलाही तिचं नाव तेव्हाच कळलं... स्टँडवरून ती घरी गेली नाही. अजून गेलेली नाही."

उन्मेषनं पेनाला टोपण लावलं.

"ते पाकीट दोनच टेबलांवर होतं, उन्मेष. एक माझं, दुसरं याच क्रीडा संघटनेचं. फोडलं कोणी, ते आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही."