धुक्यातला ढोल

फार जुन्या काळी, एका राज्याच्या अगदी टोकाला, समुद्रकाठी कोळ्यांचं एक गाव होतं. गावासमोर पाण्यात दोन मोठे काळे खडक होते. त्यांच्यामधून गावात यायला एकच वाट होती, आणि ती इतकी अरुंद होती की दोन होड्या शेजारी शेजारी मावत नसत.

थंडीच्या दिवसांत सकाळी समुद्रावर दाट धुकं उतरायचं. मासे धरून परतणाऱ्या माणसाला स्वतःच्या वल्ह्याचं टोकसुद्धा दिसायचं नाही. तेव्हा साऱ्या होड्या एकामागे एक दोराने बांधल्या जात, आणि काठावरच्या उंच कड्यावरून वाद्यांचं जे वाजप ऐकू येई त्याच्या तालावर सगळे मिळून वल्हवत आत येत.

ते वाजप मुळात त्या गावचं नव्हतं. कितीतरी पिढ्यांपूर्वी दूरच्या एका बेटावरचं जहाज त्या खडकांवर फुटलं होतं. वाचलेले खलाशी गावातच राहिले, गावातच म्हातारे झाले. टणक लाकडाच्या दोन काठ्या, उभा ढोल, भोपळ्याचा खुळखुळा, शिंग आणि हे सगळं एकत्र वाजवायची रीत त्यांनी गावाला दिली.

रीत साधी होती, पण सोपी नव्हती. काठ्या एकमेकींवर आपटून तीन ठोके द्यायचे, मग दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. तीन आणि दोन मिळून एक फेरी. तीनच्या वेळी ढोल मोकळा घुमायचा आणि दोनच्या वेळी हात दाबून वाजायचा. तीनला होड्यांतली माणसं वल्ही ओढायची. दोनला वल्ही धरून थांबायची आणि लाट खालून जाऊ द्यायची. पुढच्या होड्यांना काठ्या ऐकू यायच्या. मागच्या होड्यांपर्यंत फक्त ढोलाचं घुमणं पोहोचायचं. म्हणून काठ्या आणि ढोल यांचं जमलं, तरच पुढचे आणि मागचे एकाच वेळी ओढत.

एके वर्षी ढोल वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची मनगटं गेली. त्याला पेजेची वाटीसुद्धा धरवेना. गावात दुसरा ढोलवाला नव्हता. मग डोंगरापलीकडून एक तरुण आला. कुस्त्यांच्या फडात तो एकटा ढोल वाजवायचा, आणि त्याचा हात ऐकायला चार गावची माणसं जमायची.

त्याने कड्यावर पहिल्याच दिवशी असा ढोल वाजवला, की खाली जाळी वाळवणाऱ्या बायका हातातलं काम सोडून वर बघू लागल्या.

काठ्या वाजवणारी म्हातारी मात्र उठून त्याच्याजवळ आली. तिने त्याच्यापुढे फाटकं जाळं टाकलं.

“हे शिव.”

“मावशी, मी ढोल वाजवायला आलोय.”

“माहीत आहे. मी काठ्या वाजवते, तू जाळं शिव. तीनला सुतळी ओढायची, दोनला गाठ मारायची. जाळं नीट झालं की ढोलाचं बघू.”

“आणि नाही झालं तर?”

शिंग वाजवणारा हसून म्हणाला, “तर मासे सुटून जातील, आणि ते तुझ्यावर खूश होतील!”

तरुणाने दोन महिने जाळी शिवली. मग त्याला ढोलावर बसवलं. म्हाताऱ्या ढोलवाल्याने त्याला एकच नियम सांगितला.

“चुकलास, तर दोन्ही हात उचलायचे. वाजवायचं नाही. काठ्या ऐकायच्या, तीन कुठे आहेत ते नीट धरायचं आणि मग पुन्हा आत शिरायचं.”

“आणि तोवर मागच्या होड्या?”

“ढोल थांबला की मागचे वल्ही धरून थांबतात. थांबलेली होडी फुटत नाही, पोरा.”

गावाच्या सणांना ही मंडळी वाळूवर बसून वाजवत, आणि सारा गाव नाचायचा. तेव्हा तरुणाला एक गोष्ट दिसली. ही जुनी माणसं वारंवार हात उचलायची. मध्येच शिंग गप्प व्हायचं. मध्येच खुळखुळा थांबायचा. बाकीचे ताल धरून ठेवायचे, आणि थांबलेला पुन्हा आत शिरायचा. एकदा तर म्हाताऱ्या ढोलवाल्याने हौसेने दुखऱ्या हातांनी ढोल घेतला, आणि तीन फेऱ्यांत दोनदा हात वर केले.

तरुणाला मनातून हसू आलं. त्याला वाटलं, जन्मभर वाजवून यांना अजून चुकतं!

तो स्वतः कधीच हात उचलायचा नाही. एका सणाला त्याचा ढोल उलटा बसला. म्हणजे जिथे दोन ठोके पडत होते तिथे त्याचा ढोल मोकळा घुमू लागला, आणि तीनला दबून वाजू लागला. त्याला ते कळलं. पण त्याने हात उचलले नाहीत. त्याने बोटांचा एक जलद तुकडा असा वाजवला, की नाचणारी माणसं ओरडून दाद देऊ लागली, आणि त्या गडबडीत तो हळूच सुलटा झाला.

नंतर म्हातारा ढोलवाला त्याच्याजवळ येऊन बसला.

“मघाशी उलटा बसला होतास.”

“कोणाला कळलं नाही, काका.”

“आम्हाला कळलं.”

“मग मला थांबवलं का नाही?”

“वाजवताना आम्ही कोणाला थांबवत नाही. ज्याचं त्याने थांबायचं असतं.” म्हातारा जरा घुटमळला. आणखी काही बोलावं असं त्याच्या मनात होतं. पण पोर परक्या गावात राहून शिकतंय, त्याचं मन मोडायला नको, असं वाटून तो एवढंच म्हणाला, “हात चांगले आहेत तुझे. कानांचं बघ.”

म्हातारीचा मुलगा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता. सगळ्यात शेवटची होडी तो चालवायचा, कारण शेवटच्या होडीला जास्त ताकद लागते. तरुणाशी त्याची चांगली मैत्री झाली होती.

“तुझ्या ढोलावर माझं पोट आहे रे,” तो त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा. “आईच्या काठ्या मला ऐकू येत नाहीत. घरात मात्र तिचं सगळं ऐकू येतं!”

थंडी पडली. एका सकाळी धुकं असं उतरलं, की कड्यावर बसलेल्यांना शेजाऱ्याचा चेहरासुद्धा दिसेना. नऊ होड्या बाहेर होत्या. म्हातारा ढोलवाला येणाऱ्या होड्यांवर कान ठेवायला खाली काठावर गेला. वर म्हातारीने काठ्या सुरू केल्या. खुळखुळा शिरला, शिंग शिरलं आणि मग ढोल घुमू लागला.

सगळं छान चाललं होतं. पाच होड्या खडकांच्या मधल्या वाटेला लागल्या. तेव्हा त्या तरुणाच्या मनात आलं, की धुक्यात वाजवायचा आज आपला पहिला दिवस आहे, तर खास आजच्यासाठी बसवलेला तुकडा वाजवावा. त्याने तो वाजवला. तुकडा सुंदर होता, पण अर्धी फेरी लांब होता. त्यातून बाहेर आला तेव्हा ढोल उलटा बसला होता.

त्याला ते लगेच कळलं. त्याच फेरीत कळलं.

हात उचलावेत असं त्याच्या मनात आलं. पण लगेच वाटलं, आज पहिल्याच दिवशी? थोडं पुढे जाऊ, आपोआप जुळेल. म्हणून तो आणखी जोरात वाजवू लागला, त्यात आणखी तुकडे घालू लागला.

खाली समुद्रावर पुढच्या पाच होड्या काठ्या ऐकून थांबल्या, तेव्हा मागच्या चार होड्या ढोल ऐकून पुढे आल्या. दोर सैल पडला. मग पुढच्यांनी ओढलं तेव्हा मागचे थांबले. दोराला हिसका बसला आणि मागच्या होड्या आडव्या झाल्या. पुन्हा सैल, पुन्हा हिसका.

म्हातारा ढोलवाला काठावरून जिवाच्या आकांताने ओरडत होता, “हात उचल! अरे, हात उचल!” ढोलाच्या आवाजात ते वर पोहोचलं नाही, आणि वर शिंगवाल्याने मारलेल्या हाकाही त्यात बुडाल्या.

म्हातारीला मात्र वर सगळं कळत होतं. ती बोलू शकत नव्हती. बोलताना एक ठोका जरी चुकला असता तर पुढच्या पाच होड्याही गेल्या असत्या. ती काठ्या जोरात आपटू लागली. तिची बोटं फुटली. तीन आणि दोन, तीन आणि दोन. शेवटच्या होडीत आपला मुलगा आहे हे तिला ठाऊक होतं, आणि तिचे ठोके त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत हेही ठाऊक होतं.

मग लाकूड फुटल्याचा आवाज आला. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. तेव्हा कुठे ढोल थांबला.

दोन होड्या फुटल्या. सात माणसं गेली. त्यांत तांडेलही गेला.

धुकं विरल्यावर गाव वाळूवर जमलं. कोणी दोराला दोष देत होतं, कोणी लाटेला. म्हातारी तरुणासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातांना कोणी फडकं गुंडाळलं होतं.

“उलटा बसलास ते तुला कधी कळलं?”

खोटं बोलायचं बळ तरुणात उरलं नव्हतं. “लगेच, मावशी. त्याच फेरीत.”

“मग हात का नाही उचललेस?”

“लाज वाटली. सगळे बघतील असं वाटलं.”



“धुक्यात?” ती म्हणाली. “त्या धुक्यात तुला कोण बघत होतं?”

 म्हातारा ढोलवाला खाली वाळूत बसला आणि म्हणाला, “त्या सणाला मी जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही. यातला माझा वाटा मला द्या.”

चौथ्या दिवशी पुन्हा धुकं पडलं. घराघरांत उपासमार होती, म्हणून उरलेल्या सात होड्या बाहेर गेल्या होत्या. कड्यावर ढोलापाशी तोच तरुण बसला, कारण दुसरा कोणी नव्हता. म्हातारीने काठ्या घेतल्या आणि त्याच्याकडे न बघता सुरुवात केली.

त्या सकाळी त्याचा ढोल शेवटपर्यंत अगदी बरोबर वाजला. तीनला मोकळा, दोनला दाबून. एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही.

पण होड्यांतल्या माणसांनी दोर बांधलाच नव्हता. “आम्हाला काठ्या ऐकू येत नाहीत,” मागचे म्हणाले होते, “आणि त्या ढोलावर आता आम्ही वल्हवणार नाही.” प्रत्येक होडी एकेकटी, चाचपडत, अंदाजाने खडकांकडे आली. सातांपैकी पाचच काठाला लागल्या.

तात्पर्य : चूक कळताच जो थांबतो त्याला सोबतची माणसं सांभाळून घेतात; पण चूक झाकायला जो जोर लावतो, तो पुढे बरोबर वागला तरी त्याच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही.