चौथे वाक्य

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे त्यांचा शिष्य सकाळीच आला आणि नमस्कार करायला विसरला.

हा शिष्य उपजीविकेसाठी कारवानी जातीची शिकारी कुत्री पाळी व त्यांची पिल्ले विकत देई. चार दिवसांपूर्वी शहरातील एका बाईंनी त्याच्याकडून दोन महिन्यांचे पिल्लू नेले होते. काल त्याच बाईंनी शिष्याच्या छायाचित्रासह समाजमाध्यमावर त्याच्याविरुद्ध मजकूर टाकला. हजारोंनी तो पुढे पाठवला. दोन घरांनी ठरवलेली पिल्ले नकोत म्हणून कळवले.

"मीही उत्तर लिहिलंय, गुरुजी," शिष्य फोन पुढे करीत म्हणाला. "आजच टाकतो. मग कळेल बाईला!"

गुरुजींनी ते उत्तर शेवटपर्यंत वाचले. त्यात बाईंचा एक खासगी निरोपही होता. 'हे गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून पिल्लू हवंय,' असे त्यांनी विश्वासाने कळवले होते.

"आता तिचं वाच. एकेक वाक्य. खोटं असेल तिथे खोटं म्हण."

"'हा माणूस फसवा आहे.' खोटं. 'आजारी पिल्लं विकतो.' साफ खोटं, लशींचा दाखला दिलाय मी. 'कुत्र्यांना उपाशी ठेवतो.' खोटं!" शिष्य थांबला.

"चौथं?"

"'फोनसुद्धा उचलत नाही.' त्या वेळी मी जरा..."

"खरं की खोटं?"

"खरं."

"किती वेळा आला होता?"

"सात. मला वाटलं, पिल्लू परत घ्या म्हणेल."

गुरुजी उठले. पूजेच्या तबकातील एकुलते एक जास्वंदीचे फूल त्यांनी देवाला वाहिले व म्हणाले, "हे त्या बाईच्या नावाने."

"तिच्या नावाने?" शिष्य उसळला. "तिने माझं नाव मातीत घातलं, आणि तुम्ही फूल वाहता?"

"खोटं ते खोटंच. ती तीन वाक्यं काढायला सांग. नाही ऐकलं तर कायद्याकडे जा, मी अडवणार नाही. पण चौथं वाक्य तुझ्या एकाही मित्राने तुला सांगितलं नव्हतं. मीही नाही. ते तिने सांगितलं, म्हणून फूल. आणि तुझ्या एवढ्या लांब उत्तरात तुझा मान आहे, एका विधवेचं दुःख चव्हाट्यावर आहे. त्यात पिल्लू कुठे आहे?"

शिष्याने तिथेच बसून बाईंना फोन लावला.

"झाली का सवड?" पलीकडून आवाज आला.

"चुकलं माझं. पिल्लू कसं आहे?"

बाई रडू लागल्या. "काही खात नाही हो. दाराशी बसून नुसतं कुईकुई करतं. डॉक्टरांनाही रोग सापडेना. मरेल ते."

शिष्याच्या ध्यानात आले. पिल्लू देताना त्या पिल्लाच्या आईच्या अंथरुणाचा तुकडा सोबत द्यायचा, ही त्याच्या वडिलांची रीत. शहरातील बाईंपुढे ती मळकी, वास मारणारी चिंधी काढायची त्याला लाज वाटली होती. त्याने पिल्लाला न्हाऊ घातले, नवा पट्टा बांधला आणि तसेच दिले.

दुपारच्या एसटीने तो चिंधी घेऊन शहरात पोचला. पिल्लाने तिच्यात नाक खुपसले आणि ते झोपी गेले. उठल्यावर त्याने अर्धी वाटी दूधभात खाल्ला. बाई वाटीकडे बघत राहिल्या.

"मी फार वाईट लिहिलं," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन घेतला आणि पहिली तीन वाक्ये त्याच्या देखत पुसली. खोटे लिहिल्याची कबुलीही दिली. "आता हे चौथंही काढते."

शिष्याने हात जोडले. "ते राहू द्या, ताई. तुम्ही ते लिहिलं नसतं, तर हे पिल्लू गेलं असतं, आणि मी देवासमोर निर्दोष म्हणून उभा राहिलो असतो."

मग त्या वाक्याखाली त्याने स्वतःच्या नावानिशी लिहिले, 'हे खरे आहे.'