निमसोंडीची एकबाही चोळी

निमसोंडीच्या शिवेवर, ओढा ओलांडला की डाव्या अंगाला, कडुलिंबाखाली जो दगड उभा आहे त्याला नवरीचा दगड म्हणतात. फोटो काढायचा तर खुशाल काढा, पण जरा निरखून बघा. नवरीला उजवा हात नाही. वाऱ्यापावसानं झिजला असेल, असं तालुक्याहून आलेले एक साहेब म्हणाले होते. आता वाऱ्यापावसानं एक हात तेवढा वेचून खावा आणि कानातल्या कुड्यांना धक्काही लावू नये, इतका शहाणा वारा आमच्याकडेच वाहत असावा.

आणि दुसरी गोष्ट. या गावची कोणतीही लेक बोहल्यावर चढते ती एका बाहीच्या चोळीत. डावी बाही शिवलेली, उजवा हात मोकळा. अक्षता पडायच्या आधी गावचा शिंपी मांडवात येतो, नवरी त्याला एक प्रश्न विचारते, तो उत्तर देतो, आणि मगच उजवी बाही तिच्या अंगावर टाचली जाते. परगावचं वऱ्हाड हसतं. हसू द्यावं. त्यांना ठाऊक नसतं.

पेशवाईच्याही आधीची गोष्ट, असं सांगतात. तेव्हा निमसोंडीला कान्हू नावाचा शिंपी होता. हात असा की त्याच्या शिवणीवर माशी बसली तर घसरून पडायची म्हणे. पण नशिबाला आल्या घोड्यांच्या झुली, गोधड्या आणि गढीवरच्या लोडांचे अभ्रे. आपल्या बोटांत काय आहे ते मरायच्या आत एकदा चारचौघांना दिसावं, एवढीच त्याची भूक. पोटाची भूक भाकरीनं भागते. ही भागत नाही.

गढीवरच्या देशमुखांची लेक आवडा. तिचं लग्न पलीकडच्या खोऱ्यातल्या तालेवार घरात ठरलं. देशमुखीणबाईंना घोर पडला, भारी लुगडी तर वऱ्हाडातल्या सगळ्याच नेसतील, मग आपल्या लेकीचं वेगळं ते काय? तेव्हा त्यांना हा दगड आठवला. त्या काळी तो निऱ्यांच्या टोकापर्यंत मातीत रुतलेला होता. वर दिसायची ती नखशिखान्त नटलेली बाई, बांगड्यांनी भरलेला उजवा हात कोपरात वाकवून उंच धरलेली. कुणी घडवली, कधी घडवली, कुणालाच ठाऊक नव्हतं. बायका येताजाता हळदकुंकू वाहायच्या आणि नवरी म्हणायच्या.

बाईंनी कान्हूला बोलावून सांगितलं, "हिच्यासारखी नटव माझ्या पोरीला. तीच चोळी, तोच काठ. बघणाऱ्यानं म्हणायला हवं, यांचं घराणं या दगडाइतकं जुनं."

कान्हू घरी आला तो पायानं नव्हे, वाऱ्यावर. दुसऱ्या दिवसापासून त्यानं दगडापुढं ठाण मांडलं. दोऱ्यानं दगडाच्या खांद्याची मापं घ्यायची, बाहीवरचे पट्टे बोटानं चाचपायचे, निऱ्या मोजून पुन्हा मोजायच्या. भाकरी घेऊन आलेली त्याची बायको सारजा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"दगडाची मापं घेताय? उद्या म्हशीला झबलं शिवाल."

"म्हैस उभी राहिली तर शिवीन. ही बघ कशी गुमान उभी आहे. तुझ्यासारखी 'काखेत काचतंय' म्हणत नाही."

निऱ्यांच्या खाली मातीच्या रेषेवर टोकदार कळ्यांची रांग होती. एकीला लागून एक, वर निमुळत्या होत गेलेल्या. असा काठ कान्हूनं जन्मात पाहिला नव्हता. त्यानं तोच उचलला. तांबड्या रेशमावर जरीच्या कळ्या उठू लागल्या, आणि त्या अशा लखलखायच्या की शेजारणी, असं सांगतात, संध्याकाळी दिवा न लावता त्याच्या ओट्यावर तांदूळ निवडायला बसायच्या.

काठ सरत आला. राहिला तो पदराकडचा कोपरा. रांग कोपऱ्यात कशी वळते ते दिसेना, म्हणून कान्हूनं आपल्या लोखंडी गजानं दगडाच्या बुडाची माती उकरली. थोडी उकरली, कळ्या आणखी लांब झाल्या. आणखी उकरली, कळ्यांखाली लाकडं निघाली. लाकडांवर एक पुरुष आडवा, डोळे मिटलेला.

कळ्या कळ्या नव्हत्या. बाई नवरीसारखी नटलेली होती, पण लग्नाला निघालेली नव्हती.

कान्हूच्या घरी, पेटीत घडी करून, तीच आग जरीत भरून पडलेली होती. सांगावं तर सगळा काठ उसवायचा, आणि पुन्हा झुली, पुन्हा अभ्रे. त्यानं मनाशी म्हटलं, दगड जुना, जाळणारे जुने. आता कोण कुणाला जाळतंय? आणि माती परत लोटली, पायानं दाबली, वर हरळीचं एक ढेकूळ बसवलं. कपड्याचा तुकडा जोडावा तसं. सांधा दिसला नाही.

पण सुईला ते मंजूर नव्हतं म्हणतात. डावी बाही बसली. उजवीला टाका घातला की सुई मोडायची. सोनारानं घडवून दिलेली मोडली, लोहारानं दिलेली मोडली. शेवटी कान्हूनं बाभळीच्या काट्यानं भोकं पाडून दोरा ओवला आणि बाही कशीबशी जोडली.

आवडा माप बघायला आली. अंगावर चोळी, कमरेला तो काठ लावलेलं लुगडं धरून गर्रकन फिरली. मग काठ हातात घेऊन म्हणाली, "कान्हूमामा, फुलं कसली ही? बागेत तर नाहीत असली."

कान्हूनं तोंड उघडलं आणि मिटलं.

पोर चलाख. तिनं मान तिरपी करून विचारलं, "मामा, सांगायचं काही राहिलंय का?"

"काही नाही, आक्का," कान्हू म्हणाला.

लग्न झालं. असं लग्न पुन्हा झालं नाही. वऱ्हाडातल्या बायका नवरीचं तोंड बघायचं सोडून काठच बघत होत्या. देशमुखीणबाई ज्याला त्याला सांगत होत्या, आमच्या शिवेवरच्या नवरीवरून उतरवलाय. कान्हूचं नाव सात खोऱ्यांत झालं. आवडाचा धाकटा दीर मात्र काठाकडे जरा जास्तच वेळ बघत होता. त्याच्या मुलखात असले दगड गावोगाव होते, आणि ते मातीत रुतलेले नव्हते.

वर्ष फिरलं नाही तोच आवडाचा नवरा एका चढाईत पडला. मूलबाळ नाही. विधवा भावजय घरात राहिली तर अर्धी वतनदारी तिच्या हाती. दीर भल्या सकाळी बायकामाणसांसमोर म्हणाला, वहिनींनी तर बोहल्यावरच व्रत घेतलं होतं. अग्नी नेसून आल्या होत्या. आता आपण अडवणारे कोण?

आणि निमसोंडीला एक स्वार आला. त्यानं कान्हूच्या ओट्यावर गाठोडं टाकलं. आत ती चोळी. उजवी बाही उसवलेली.

"सांधून दे. उद्या दुपारच्या आत हवी."

"कशाला?" कान्हूनं विचारलं.

स्वार घोड्याला पाणी पाजत राहिला, आणि कान्हूला कळलं.

म्हणे त्यानं क्षणभरही वेळ लावला नाही. उजवी बाही ओढून काढली आणि चुलीत घातली. बाहेर येऊन म्हणाला, "बाही नाही. जळली. त्या दगडावर हात आहे, बाही आहे, बांगड्या आहेत. बाहीशिवाय हा सतीचा वेश नव्हे. जाऊन सांग तुझ्या धन्याला, शास्त्रात बसत नाही."

स्वारानं चोळी उचलली, झटकली, गाठोड्यात बांधली.

"आगीला बाही लागत नाही, बाबा," तो म्हणाला आणि घोड्यावर बसला.

कान्हू गढीवर धावला. देशमुखीणबाईंपुढं लोळण घेऊन त्यानं मातीखालचं सगळं सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "आज सांगतोस?"

माणसं दौडली, त्यांच्याबरोबर कान्हूही. घाट होता, मध्ये नदी होती. पोहोचली तेव्हा निखाऱ्यांवर दूध शिंपडत होते. आवडाला एका बाहीच्याच चोळीत नेली होती. उजवा हात खांद्यापासून उघडा, आणि तो तिनं वर उचलला नाही, असं बघणारे सांगत. दोन बायकांनी धरून उचलवला.

कान्हू परत आला तो सरळ शिवेवर. गजानं त्यानं दगडाचा हात फोडला. गज वाकला, पण हात पडला. मग नखांनी माती उकरून त्यानं दगड बुडापासून मोकळा केला. लाकडं, आग, आडवा पुरुष, सगळं उन्हात आलं. सारजा भाकरी घेऊन आली, त्याच्याजवळ बसली, आणि कडवट तोंडानं म्हणाली, "तुमची शिवण कुठं चुकली नाही हो. तोंडच तेवढं नको तिथं शिवलंत."

त्यानंतर गावात कुठंही मांडव पडला की कान्हू जाऊन उभा राहायचा. नवरीला म्हणायचा, मला विचार, आक्का, सांगायचं काही राहिलंय का, विचार. पोरींनी विचारलं की दगडाची सगळी कथा सांगायचा, वर नवऱ्याकडचं जे काही कानावर असेल तेही सांगायचा. मुहूर्त टळायचे. सोयरे रुसायचे. गाव कंटाळलं. तो मेला तेव्हा गावानं सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच्या नावानं रीत पाडली. ऐकण्यापेक्षा रीत पाळणं सोपं.

आमच्या बापाच्या काळी एका शिंप्यानं रीत खरी मानली होती. आबाजी नाव त्याचं. नवरीनं विचारलं, तर भर मांडवात म्हणाला, राहिलंय. नवरदेवाला सुरतेस एक बायको आहे. त्याला नवऱ्याकडच्यांनी धुतला, आणि मग नवरीच्या बापानंही धुतला. लग्न त्याच मुहूर्तावर लागलं. आबाजी बिऱ्हाड उचलून गेला. त्याची मशीन अजून देवळामागं गंजत पडली आहे.

आता गावानं दगडाभोवती कट्टा बांधलाय, झकास फरशी घातलीय. फरशी बरोबर निऱ्यांच्या टोकापर्यंत आली आहे. खालचं काही दिसत नाही. वर नवरी आणि कळ्यांची टोकं तेवढी दिसतात, म्हणून तर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. परवा एक मुलगी त्या कळ्यांचा फोटो काढून घेऊन गेली. लेहंग्याच्या काठाला शोभतील म्हणाली. मी तोंड उघडलं होतं, पण तिची गाडी निघाली.

आजही निमसोंडीची लेक एका बाहीच्या चोळीत बोहल्यावर उभी राहते. आजही शिंपी येतो, नारळ काखेत मारून उभा राहतो. वाजंत्री थांबते. पोर विचारते, "मामा, सांगायचं काही राहिलंय का?" सगळा मांडव शिंप्याकडे बघतो, आणि शिंपी आपल्या पायाकडे.

"काही नाही, आक्का," तो म्हणतो.

मग बाही जोडतात.